हाताला लागणारा पांढरा

२७ जानेवारी २०२५, सोमवार

कालच्या ग्रामसभेत नत्थूजींनी टेबलावर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी ठेवली. पानं हिरवीगार, मुळं गुलाबी. दोनदा धुतलेली, तरी गुलाबी. "हिंगणघाटच्या बाजारात हे कोनी घेईन का, सांगा मले," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं.

यशोदाच्या रंगशेडमधलं पाणी नालीतून नत्थूजींच्या शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून जातं, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. बचत गटातल्या बाया तिथे सूत रंगवतात, त्याचे शेले विणून सेवाग्रामकडे पाठवतात. मागणी लाल रंगाला, म्हणून नालीही लाल. ठराव झाला की एक मेच्या ग्रामसभेपर्यंत रंगाचं पाणी थांबलं पाहिजे, नाहीतर शेडला कुलूप. यशोदा गटाची अध्यक्ष. तिनेही हात वर केला. मी पाहत होतो, हात सावकाश वर गेला.

घरी आल्यावर ती थेट पोळपाटाशी बसली. पोळ्या लाटत होती, त्या नेहमीपेक्षा पातळ झाल्या. मी म्हटलं, "पाणी मी साफ करून देतो."

"तुमी?"

त्या एका शब्दात जेवढं होतं तेवढं अख्ख्या ठरावात नव्हतं.

नोंद असावी म्हणून लिहितो. मी दहावीनंतर शाळा सोडली, पण रंगाविषयी या तालुक्यात माझ्याइतकं कोणी वाचलेलं नसेल. इंग्रजी लेख मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचतो आणि पूर्ण वाचतो. माझ्या पेंटच्या दुकानातून गेलेला पांढरा रंग हाताला लागत नाही. पूर्वी यशोदाला लोक 'पेंटवाल्या तानबाची बायको' म्हणायचे. आता मला बाजारात 'रंगवाल्या ताईंचे मिस्टर' म्हणतात. त्याचं मला काही वाटत नाही. पण नोंद असावी.

२ फेब्रुवारी, रविवार

मुद्दा असा आहे. टायटॅनियम डायऑक्साइड, ज्याला आम्ही दुकानात नुसतं टायटॅनियम म्हणतो, तो पांढऱ्या रंगातला खरा पांढरा. हा धातूचा ऑक्साइड, आणि अर्धवाहक. वीज नेतो म्हणावं तर नेत नाही, नेत नाही म्हणावं तर नेतो. त्याच्यावर उन्हातले जांभळ्याच्या पलीकडचे, डोळ्याला न दिसणारे किरण पडले की आतला इलेक्ट्रॉन उडी मारून वर जातो आणि खाली त्याची जागा रिकामी राहते. ती रिकामी जागा फार भुकेली. ती शेजारच्या पाण्याचा इलेक्ट्रॉन ओढते. उडालेला इलेक्ट्रॉन हवेतल्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो. या धांदलीत जे तिखट कण तयार होतात ते रंगाच्या रेणूचे तुकडे करतात. पावडर मात्र खर्च होत नाही, काम करून जशीच्या तशी.

हे मी यशोदाला जेवताना समजावलं. ती म्हणाली, "म्हंजे काम करनार ऊन, आन् नाव होनार तुमचं."

गच्चीवर तीन स्टीलच्या पराती मांडल्या. पहिलीत लाल पाणी आणि टायटॅनियम, उघड्या उन्हात. दुसरीत नुसतं लाल पाणी, उन्हातच. तिसरीत दोन्ही, पण वर झाकण. तुलना नसेल तर तो प्रयोग नाही, करमणूक आहे. टायटॅनियम दुकानातलं सगळ्यात भारी वापरलं. हलक्या मालाने विज्ञान होत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल रथसप्तमी. यशोदा लहानूकडे हळदीकुंकवाला गेली होती. लहानू माझा धाकटा भाऊ. बाबा गेल्यावर दुकान वाटलं गेलं, त्याने रस्त्याच्या त्या बाजूला शटर उघडलं. तो स्वतः डिस्टेंपर घोटून विकतो. त्याची भिंत दोन पावसाळ्यांत पांढरं सोडायला लागते. टेकलेला माणूस पीठगिरणीतून आल्यासारखा दिसतो. मी गिऱ्हाइकांना हे सांगतो, कारण खरं आहे ते सांगायला हवं. तेवढ्यावरून आमचं बोलणं बंद आहे. म्हणजे तो बोलतो, मी मान हलवतो.

यशोदा परत येऊन म्हणाली, "लहानूभाऊजी इचारत होते, दादाचं गच्चीवर काय चालू हाय."

"काही सांगू नको."

"नाई सांगतलं," ती म्हणाली आणि आत गेली. लहानूकडे बराच वेळ होती, हळदीकुंकवाला एवढा वेळ लागत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

तिन्ही पराती लाल. उन्हातली लाल, झाकलेली लाल. पाणी आटलं तेवढी भर घातली, तरी लाल. आज चौथ्यांदा सगळं पहिल्यापासून केलं. पराती घासल्या, पावडर वाळवून घातली, दर तासाला ढवळलं.

गटातली मयुरी सूत वाळत घालायला आली होती. गच्चीकडे पाहून म्हणाली, "भाऊजी, पापड टाकले का? खाली कावळे बसले हायेत." बाया हसल्या. यशोदाही हसली, पण लगेच तोंड फिरवलं.

लेखात लिहिलं आहे की होतं, मग माझ्याच्याने का होत नाही? लेख परदेशी आहेत, पण ऊन तर तेच. की नाही? मनात येतं की मी यातलं फक्त वाचलेलं आहे, समजलेलं नाही. हे वाक्य उद्या खोडेन.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ते वाक्य खोडलेलं नाही, कारण आज त्याचं उत्तर सापडलं असं वाटतं. क्रमाने लिहितो.

काल वडनेरला लग्न होतं. समाजभवनाच्या भिंतीला टेकून उभा राहिलो आणि माझ्या निळ्या कोटाची पाठ पांढरी झाली. भिंत लहानूची. मी तिथल्या तिथे ठरवलं की या बेइमानीचा पुरावा गोळा करायचा. आज सकाळी परत गेलो. काळा रुमाल सोबत नेला आणि भिंतीवरून जागोजागी फिरवला.

दक्षिणेची भिंत: रुमाल पांढरा. पश्चिमेची: पांढरा. उत्तरेची: जवळजवळ काहीच नाही. छज्ज्याखालचा पट्टा: काही नाही. दक्षिणेच्या भिंतीवर एक जुना फलक होता, तो चौकीदाराने नुकताच काढलेला. त्या चौकोनात रुमाल काळाच राहिला. चौकोनाच्या बाहेर एक बोट सरकवलं की पांढरा.

एकच पोतं, एकच हात, एकाच आठवड्यात लागलेला रंग. फरक फक्त उन्हाचा. पावसाने झालं असतं तर उत्तरेलाही झालं असतं, पाऊस उत्तरेलाही लागतो.

म्हणजे लहानूचा रंग उखडत नाही. त्याचं टायटॅनियम उन्हात बसून आपल्याच डिस्टेंपरमधली सरस, म्हणजे भुकटी धरून ठेवणारा डिंक, खातं! सरस संपली की भुकटी मोकळी. आणि माझं टायटॅनियम असं करत नाही, म्हणूनच माझी भिंत हाताला लागत नाही, आणि म्हणूनच माझ्या पराती लाल.

मी चौकीदाराला हे समजावलं. तो म्हणाला, "म्हंजे रंग चांगला का खराब?"

३ मार्च, सोमवार

वर्ध्याच्या एका कॉलेजात चारुता मॅडम रसायनशास्त्र शिकवतात. त्यांच्या घराचा रंग माझ्याकडून गेला होता, म्हणून नंबर होता. फोन केला. माझा तर्क मी आधी पूर्ण मांडला, त्यांना मध्ये बोलू दिलं नाही.

त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही रुमालाने हे काढलंत?" मग सांगितलं की बाहेरच्या भिंतीच्या उत्तम रंगात टायटॅनियमच्या प्रत्येक कणावर काचेसारखा पातळ थर चढवलेला असतो, मुद्दाम, म्हणजे तो रंग खाणार नाही. शिवाय कणांची घडणही वेगळी. माझ्याकडचं ते रूटाइल. स्वस्तातलं, उघडं, ज्याला थर नसतो ते अनाटेज. "तुमचा माल फार चांगला आहे, तीच अडचण आहे."

मला राग यायला हवा होता की आनंद व्हायला हवा होता हे अजून ठरलेलं नाही. 'काका' मात्र आवडलं नाही. मी त्रेपन्नचा आहे.

८ मार्च, शनिवार

नागपूरला जाऊन आलो. इतवारीतल्या मोठ्या व्यापाऱ्याकडे अनाटेज मागितलं. त्याने वही पाहिली नाही, तोंडपाठ होतं. "आपल्या भागात तर लहानूजी नेतात ना आमचं. शेवटचं पोतं त्यांनीच उचललं. नवा माल होळीनंतर. तुम्ही त्यांचे कोण?"

मी म्हटलं, गावचा आहे.

एसटीत उभं राहून परत आलो. रस्ता ओलांडायचा होता तर मी नागपूर करून आलो, असं यशोदा म्हणाली. मी म्हटलं, तू काही मध्ये पडू नको. "मी कायले पडू," म्हणाली.

९ मार्च, रविवार

गेलो. दुकानाच्या पायरीवर क्षणभर थांबलो, तेवढ्यात लहानूने पाहिलं.

"दादा! ये ना. बस."

"बसाले नाही आलो."

"मंग उभा राह्य. खुर्ची इथंच राहीन."

बसलो. मग विचारलं, "तुह्याकडे ते खराब टायटॅनियम हाय का?"

तो डबा पुसत होता, पुसतच राहिला. "खराब म्हनत असशीन त नाई. नुसतं टायटॅनियम पाह्यजे असन त हाय."

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. बाहेर ट्रॅक्टर गेला, तो जाईपर्यंत मी थांबलो. मग म्हटलं, "नुसतं टायटॅनियम हाय का?"

"हाय ना. कितीक पाह्यजे?"

मी आकडा सांगितला. त्याने काउंटरखालून पिशवी काढली. तेवढ्याच वजनाची बांधून ठेवलेली. बहुधा दुसऱ्या कोणाची ऑर्डर असावी, मला आधी दिली. चहा आला, तो बिनसाखरेचा. माझी शुगर वाढल्याचं मी घराबाहेर कोणाला सांगितलेलं नाही, पण त्याच्याकडे सगळेच तसा पीत असतील.

निघताना म्हणाला, "दादा, माह्या रंगात असं काय हाय, मले बी सांगजो. मी त समजलो की तूच काही करनी केली माह्या भिंतीवर."

मला हसू आलं. दाखवलं नाही.

१६ मार्च, रविवार

धुळवडीचा रंग अंगावरून गेला नाही तोवर परातीतला गेला!

पहिली परात, अनाटेज आणि ऊन: काल दुपारपर्यंत लाल, संध्याकाळी गुलाबी, आज दुपारी दुधासारखी. दुसरी, पावडर नाही: लाल. तिसरी, झाकलेली: लाल. तीच पावडर, तेच पाणी. मी तिन्ही पराती सरळ रेषेत ठेवून यशोदाला वर बोलावलं.

ती पहिल्या परातीजवळ उकिडवी बसली. बोट बुडवलं. "बाप्पा," म्हणाली. मग बोट पदराला पुसत, "इतक्या कष्टानं बसवतो आमी हा रंग. आन् हे ऊन असंच घेऊन जाते."

मी म्हटलं, ऊन नाही, अर्धवाहक. ती म्हणाली, "तेच ते."

दुधासारखं का? पावडर इतकी बारीक की खाली बसत नाही. असं पाणी शेतात सोडलं तर नत्थूजी आता पांढरी मुळं घेऊन येतील. पावडर कशावर तरी चिकटवायला हवी. आणि ज्याने चिकटवायचं तेच ती खाणार. पेंटरला यापेक्षा मोठा प्रश्न कोणी टाकला नसेल.

३० मार्च, रविवार, पाडवा

जे खाण्यासारखं नाही त्यानेच चिकटवायचं. पांढरं सिमेंट! त्यात खायला सरस नाही, तेल नाही, काही नाही. सिमेंटच्या जुन्या नालीदार पत्र्यांवर पांढऱ्या सिमेंटमध्ये अनाटेज कालवून हात दिला. ब्रश मुद्दाम खरखरीत ठेवला. आयुष्यभर लोकांना गुळगुळीत करून दिलं, पहिल्यांदा खडबडीत केलं. पत्रे शेडच्या छपरावर तिरके, तोंड दक्षिणेला. वरून पाणी पातळ पसरून उतरतं, खाली टाकीत जमतं, पंप ते परत वर टाकतो.

पंप कूलरचा आहे. आपल्या कूलरचा.

"गुढी उभी राह्यली की कूलर लागते, हे तुमाले मालूम नाई?" यशोदाने विचारलं. मी म्हटलं, विज्ञानासाठी एवढं सोसावं लागतं. ती ओला शेला खिडकीला लावून झोपली. माझ्या बाजूची खिडकी कोरडी.

लहानू छपरावर मदतीला आला होता. त्याला कोणी बोलावलं माहीत नाही. पत्र्याला हात देताना त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला चालतो. हे फक्त इथे लिहितो.

७ एप्रिल, सोमवार

दोन दिवसांच्या उन्हात अख्खी टाकी स्वच्छ. लेखात लिहिल्यापेक्षा वेग थोडा कमी, का ते कळलं नाही. काचेच्या बाटलीत भरून नत्थूजींच्या वावरात गेलो. ते वांग्याला पाणी देत होते. बाटली उन्हासमोर धरली.

"पाहा. एक कण लाल नाही."

त्यांनी पाहिलं. बाटली परत दिली. "साफ दिसते."

"मग?"

"माह्या जमिनीले डोये नाईत, तानबाजी. तिले दिसून काय उपेग? मेथी टाकून पाहा या पान्यावर. उगवली त म्या पहिला हात वर करतो."

अडाणी शेतकऱ्याचा हट्ट असं लिहिलं होतं, ते खोडलं. तुलनेशिवाय प्रयोग नाही हे मीच म्हणतो. दोन कुंड्या मांडल्या. एक विहिरीच्या पाण्यावर, एक माझ्या.

१३ एप्रिल, रविवार

विहिरीची कुंडी हिरवी. माझी कुंडी: काही नाही. माती उकरून पाहिली. दाणे फुगलेसुद्धा नाहीत, मातीवर पांढरट पापुद्रा.

एक मेला फार दिवस राहिले नाहीत. चारुता मॅडमना फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "रंगवताना मीठ किती घालतात?"

मला माहीत नव्हतं. बाजारातून मिठाची पोती शेडपर्यंत मीच पोचवतो, दर महिन्याला, माझ्या गाडीवर. एवढं मीठ कशाला लागतं हे एकदाही विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "काका, प्रकाश रंग तोडतो. मीठ तोडत नाही. ते तिथेच राहणार."

म्हणजे मी जमिनीला स्वच्छ दिसणारं मिठाचं पाणी देत होतो. लाल असताना निदान दिसत तरी होतं.

यशोदाला अजून सांगितलेलं नाही. तिने कुंडी पाहिली आहे. विचारलं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

आज पूर्ण दिवस शेडमध्ये बसलो. शेड सुरू झाल्यापासून दारापर्यंत शंभरदा आलो असेन, आत आज पहिल्यांदा. मयुरी म्हणाली, "ताई, पाहुणे आले. चहा ठेवू?"

यशोदा काम करताना वेगळीच दिसते. घरात ती चमचा कुठे ठेवला ते विसरते. इथे पाण्यात कोपर घालून सांगते, अजून जरा गरम. पहिल्या पातेल्यात मीठ, मग रंग, सूत ते पितं. मग सोडा, म्हणजे रंग पक्का. मग एक धुणं, दुसरं धुणं, तिसरं. सगळं पाणी एकाच नालीत.

दुपारी मी तिला कुंडीचं सांगितलं. मीठ काढायला मशीन लागतं, ते आपल्या आवाक्यातलं नाही, मी हरलो, असं म्हटलं. शब्द हाच वापरला.

ती सुताची लड पिळत होती. "मीठ काढाले काऊन पाह्यता?"

"मेथी उगवत नाही म्हणून."

"मले उद्या पुन्हा मीठ लागनारच हाय ना. रंग तुमी काढला, मीठ माह्यासाठी राहू द्या. हेच पानी पातेल्यात वापस टाकलं त?"

पाणी साफ झालं की ते सोडायचं असतं, एवढंच माझ्या डोक्यात बसलेलं होतं. एकाही लेखात मी ते पान उघडलं नसेल, कारण मी ते शोधलंच नव्हतं.

मग आम्ही तिथेच बसून वाटणी केली. पहिलं पाणी, मिठाचं: पत्र्यावरून साफ करून परत पातेल्यात, नालीत थेंब नाही. शेवटच्या धुण्याचं पाणी, ज्यात मीठ नावालाच: ते वेगळ्या टाकीत, वेगळ्या पत्र्यावर. त्याच्यावर नवी मेथी टाकायची. मधलं धुणं पुढच्या खेपेच्या पहिल्या पाण्यात भर म्हणून. मी आकृती काढली, तिने ती दोनदा दुरुस्त केली. दोन्ही दुरुस्त्या बरोबर होत्या.

२४ एप्रिल, गुरुवार

काल परतीच्या पाण्यातली पहिली लड डागाळली. एका बाजूला गडद, एका बाजूला फिक्की. एवढ्या दिवसांत कोणी चेष्टा केली नाही तो कालचा पहिला दिवस, तेव्हा कळलं की किती वाईट आहे.

कारण शोधायला रात्र लागली नाही, यशोदाने उभ्या उभ्या सांगितलं: जुन्या पाण्यात सोडा आधीच आहे, रंग सूत पिण्याआधीच पक्का होऊन बसतो. सोडा मारायला हवा. तो कसा मारायचा ते मला माहीत होतं. शेडच्याच कपाटातलं सौम्य ॲसिड थोडं थोडं घातलं. पाणी फसफसलं. हळदीचा कागद बुडवून पाहत गेलो. सोडा असेपर्यंत तो लालसर होतो. पिवळाच राहिला तेव्हा थांबलो.

आजची लड: एकसारखी लाल, टोकापासून टोकापर्यंत. यशोदाने ती जुन्या पद्धतीच्या लडीशेजारी धरली आणि मला विचारलं, "कोनती नवी?"

मी चुकीची दाखवली. ती इतकी खूश झाली की चुकल्याचं मला काही वाटलं नाही.

शेवटच्या धुण्यावरची मेथी विहिरीच्या मेथीएवढीच वर आली आहे. दोन्हींची उंची मोजली. लहानू म्हणाला, "फूटपट्टी ठेव दादा, भाजी करू."

१ मे, गुरुवार

ग्रामसभा झाली. लगेच लिहितो.

मी भाषण तयार केलं होतं. अर्धवाहकापासून सुरुवात, कोटाच्या पाठीचा प्रसंग मध्ये. सरपंचांनी नाव पुकारलं ते यशोदाचं. अध्यक्ष ती आहे, हे बरोबरच आहे. ती उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, "मिठाचं पानी आता आमच्याच पातेल्यात फिरते. नालीत काहीच सोडत नाई. ज्याले पाह्याचं हाय त्यानं येऊन पाहावं. हे आमच्या घरच्या दोघा भावांनी केलं." आणि बसली. एवढंच!

दोघा भावांनी. पावडर लहानूची होती, हात लहानूचा होता, हे खरं आहे. मी तसंच म्हणालो असतो असं नाही. लहानूने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. मग वाटलं पुरेसं नाही, म्हणून शेजारची खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

सकाळीच चार जण नाली पाहून आले होते. कोरडी होती. ठराव वाचला: शेड चालू राहील, दर महिन्याला पाहणी. हात वर झाले. यशोदाचा हात पहिल्यांदा सावकाश गेला होता, आज सगळ्यांत आधी.

नत्थूजींनी हात वर केला नाही. उभे राहिले.

"म्हंजे माह्या धुऱ्यावर आता पानी येनारच नाई?"

सरपंच म्हणाले, "तुमीच त बंद कराले सांगतलं."

"म्या रंग बंद कराले सांगतलं. पानी बंद कर म्हटलं का? मे महिना हाय. माह्या विहिरीले तळ लागला. कडवळ वाळून राह्यलं, म्हशी काय खातीन?"

असा हशा पिकला की सरपंचांना टेबल वाजवावं लागलं. नत्थूजी हसले नाहीत. त्यांचं खरंच वाळत होतं.

यशोदा बसूनच म्हणाली, "शेवटच्या धुन्याचं देऊ तुमाले. मेथी उगवली त्याच्यावर. पन पानी कधी सोडाचं ते यायले इचारा." आणि बोट माझ्याकडे केलं.

सगळी सभा वळली. मला भाषण आठवेना. मी म्हटलं, "टाकीतलं पाणी अजून एक दिवस उन्हात राहू द्या. परवा सोडतो." तेवढं बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण नत्थूजींनी हात वर केला.

३ मे, शनिवार

पाणी सोडलं. त्याआधी बाटलीत भरून पाहिलं, हळदीचा कागद बुडवला, जिभेवर थेंब घेतला. नत्थूजी धुऱ्यावर फावडं घेऊन कधीचे उभे होते. "तानबाजी, पोरगी पाह्याले आले का? सोडा ना आता," म्हणाले.

वाल्व्ह उघडला. पाणी नालीतून गेलं, धुऱ्याला वळलं, कडवळाच्या पहिल्या सरीत शिरलं आणि तिथेच मुरलं. दुसऱ्या सरीपर्यंत पोचलंच नाही, जमीन इतकी तापलेली. नत्थूजी खाली वाकून ओल कुठवर गेली ते बोटाने पाहत होते.

"अजून हाय का?"

"आज एवढंच. बाकीच्यात रंगाची झाक आहे, तसं मी देणार नाही. उद्या ऊन पडलं की दुपारनंतर."

नत्थूजींनी फावडं जमिनीत रोवलं.

"इतकी वर्सं झाली मले," ते म्हणाले, "पन मे महिन्यात वर्ध्याले ऊन पडन का नाई, याची काळजी करनारा मानूस म्या आज पाह्यला."